कोपऱ्यातला सबवूफर

चारशे बारा ध्वनिमुद्रणं, आणि एकातही हत्ती नाही. हे कसं शक्य आहे, ते शर्वरीला कळत नव्हतं.

तिचे बाबा तीन वर्षं तिळारीच्या रानात हत्तींचे आवाज टिपत होते. त्या आवाजांवरून शेतांच्या कडेला इशाराखांब उभे राहायचे होते. हत्ती जवळ आले की खांबाने ते ओळखायचं आणि वाडीला आधी कळवायचं. बाबा माघात आजारपणात गेले. आता ही मुद्रणं सांभाळणाऱ्या हत्ती अभ्यास केंद्राचं पत्र आलं होतं : मुद्रणांत नुसता वारा असावा, आज संध्याकाळपर्यंत कोणा जाणकाराने हत्ती ओळखून सही दिली नाही, तर ती पुसली जातील.

जाणकार समोरच बसले होते. बाबलकाका चाळीस वर्षं हत्तींच्या मागावर हिंडले होते.

"माका कायच ऐकू येना नाय, गो बाय," ते म्हणाले. "आणि खोटी सही मी करूचंय नाय."

"ठोंब्या, तुला काय दिसतं?" शर्वरीने विचारलं. ठोंब्या म्हणजे घरातला यंत्रमानव. नाव बाबांनी ठेवलेलं.

"आकड्यांत काहीतरी आहे. बावीस हर्ट्झ (एका सेकंदाला बावीस कंपनं). हत्ती असेल, वाराही असेल. मला फरक कळत नाही. काकांना कळेल, पण त्यांच्यापर्यंत आवाज पोचतच नाही."

"मग मोठ्याने लाव ना!"

"नुसती खरखर होईल. समोरचे स्पीकर तुझ्या तळहाताएवढे आहेत." ठोंब्याने तिच्यापुढे पाण्याचा टब ठेवला. "चमच्याने हळू ढकल."

शर्वरीने ढकललं. पाणी चमच्याच्या दोन्ही बाजूंनी निसटलं. लाट उठलीच नाही.

"आता ताटाने. तितक्याच हळू."

टबभर पाणी हललं. थोडं बाबलकाकांच्या पायांवर आलं.

"ह्या यंत्राक कोणी शहाणो म्हणता?" काका पाय झटकत म्हणाले.

"हवेचंही असंच," ठोंब्या शांतपणे म्हणाला. "कंपनं जितकी संथ, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. स्पीकरच्या आतल्या लहान, थरथरत्या पडद्याला ते झेपत नाही. कोपऱ्यातल्या सबवूफरला (खालचे आवाज काढणारं, मोठ्या पडद्याचं खोकं) झेपतं."

"मग तो गप्प का?"

"त्याला काम दिलेलंच नाही." ठोंब्याने रिसीव्हरची (प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणारं यंत्र) मांडणी भिंतीवर उघडली. तिथे लिहिलं होतं : समोरचे स्पीकर – मोठे.

शर्वरीला आठवलं. चार वर्षांपूर्वी रिसीव्हर बसवताना त्याने विचारलं होतं, स्पीकर मोठे की लहान? "मोठे!" ती ओरडली होती. आपल्या घरातल्या नव्या वस्तूला लहान कोण म्हणेल? बाबा हसले होते. "राहू दे तुझे मोठे," म्हणाले होते. मुद्रणं ते रानात हेडफोन लावून ऐकत; तो हेडफोन आता बंद पडला होता. घरी फक्त गाणी वाजत.

तिचं बोट बटणावर थांबलं. "बाबांनी राहू दे म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," ठोंब्या म्हणाला. "तेव्हा गाणी वाजायची होती. आज हत्ती वाजवायचा आहे. इथे 'मोठा' म्हणजे सगळे आवाज स्वतः काढणारा. 'लहान' म्हणजे खालचे आवाज सबवूफरवर सोपवणारा. तुझ्या खांद्याला लागणारे उंच स्पीकरसुद्धा लोक पुष्कळदा 'लहान' ठेवतात."

शर्वरीने भिंतीवरचं 'मोठे' पुन्हा एकदा वाचलं. मग 'लहान' दाबलं. पुढचा प्रश्न आला : क्रॉसओव्हर (ज्या आकड्याच्या खालचे आवाज सबवूफरकडे जातात, ती हद्द).

"किती?"

"मोठ्या पडद्याच्या स्पीकरला ऐंशी हर्ट्झ पुरतात. ह्यांना शंभर ठेव. चाळीस ठेवलेस, तर चाळीस ते शंभरमधले आवाज धड कोणीच काढणार नाही. दोनशे ठेवलेस, तर मुद्रणातली माणसंही कोपऱ्यातून बोलतील."

तिने शंभर ठेवले आणि मुद्रण लावलं.

आधी काहीच झालं नाही. मग फडताळातले स्टीलचे पेले थरथरले. तो आवाज कानांपेक्षा तळपायांना जास्त कळत होता. बाबलकाकांनी जमिनीवर तळहात टेकला.

"वारा आहे का?" शर्वरीने विचारलं.

"गप."

थरथर थांबली. शर्वरी बंद करायला उठली, तसा काकांनी हात वर केला.

"वारो असो थांबणा नाय. ही हाक आसा. हाक मारून हत्तीण आता ऐकता. तूही ऐक."

तिघं थांबली. बऱ्याच वेळाने पेले पुन्हा थरथरले, आधीपेक्षा हलके.

"दोघी आसत," काका म्हणाले. "एक अलीकडे, एक लांब." त्यांनी पत्र ओढून घेतलं आणि सही केली.

"खालचा आवाज दूर जातो. झाडं त्याला फारसं अडवत नाहीत," ठोंब्या म्हणाला. "खांबांना ह्या हाका लांबूनच ओळखायला शिकवता येतील. माणसांना वेळ मिळेल, हत्तींना दुसरी वाट."

"जवळच्या हत्तिणीचं नाव काय ठेवलंन तुझ्या बापाशीन?" काकांनी विचारलं.

शर्वरीने बाबांची यादी उघडली. नावाचा रकाना रिकामा होता.

"ठेवायचं राहिलं."

"मग तू ठेव."

तिने लिहिलं : हत्तिणी दोन. नावं ठरायची आहेत. मग तिने पुढचं मुद्रण लावलं आणि काकांच्या शेजारी जमिनीवर तळहात टेकून बसली.