सारजेची जागा

हे कुणाला सांगू नकोस, असं दिशाताईनं मला बजावलं होतं. पण तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सांगते.

दिशाताई जळोचीत आमच्या शेजारी एकटीच राहते. वरकुट्याच्या तात्याबा गुरुजींच्या कादंबरीवरून ती सिनेमाची पटकथा लिहीत होती. गुरुजी वारून बारा वर्षं झालेली. तिचं हे पहिलंच काम. शुक्रवारपर्यंत दिलं नाही, तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं.

त्या कादंबरीत सारजा नावाची बाई आहे. गाव रानात गेलं, की ती उंबऱ्यात बसून रस्त्यावरची पावलं ऐकते. बोलत काहीच नाही, सगळं मनातल्या मनात.

"मनातलं कॅमेऱ्याला दिसत न्हाय, बाईसाहेब," दिग्दर्शक रविराज फोनवर हसला. "काढ तिला."

ताईनं सारजेची सगळी दृश्यं काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात ताईला शेणानं नुकतंच सारवल्याचा वास आला. घरात तर सगळीकडे फरशी. मग फरशीवर जोडव्यांचा आवाज... टक... टक... तो दारापाशी थांबला.

"कोण हाय?"

"मीच... बस म्हण की."

दारात नुसतं ऊन होतं.

"कुठं बसू, त्ये तरी सांग... एक जागा व्हती, ती बी घेतलीस."

लॅपटॉप ओढून ताईनं कसंबसं लिहिलं : सारजा उंबऱ्यात बसते. हळूहळू वास विरला.

शुक्रवारी पटकथा गेली. संध्याकाळी रविराजचा फोन आला.

"झकास झालंय! सारजा ठेवलीस, बरं केलंस. पण शेवटच्या दृश्यात तिच्याशेजारी ती गणवेशातली पोरगी कुठनं आणलीस? कादंबरीत तर न्हाय."

"मी... मी न्हाय लिहिली."

"मग काय भुतानं लिहिली? असू दे, असू दे. दोघी जवळ बसल्यात, बरं वाटतं. नावबी चांगलं हाय... पायल."

ताई तशीच आमच्याकडे आली. तिनं मला सगळं सांगितलं. "पायल, घरात एकटी थांबत जाऊ नकोस," असं शेवटी म्हणाली.

पण आई-बाबा कामावरून सातला येतात, मग मी थांबणार कुठे? आणि खरं सांगू, वर्गातसुद्धा मला कुणी शेजारी बसवून घेत नाही. आता पाचच वाजलेत, तरी दारातून कुणीतरी माझं नाव घेतंय, अगदी मायेनं, थांबा हं, मी जरा