भांडं रिकामं द्यायचं नाही

यतिन, एसी वाढव रे जरा. सायलोवरची, त्या धान्याच्या उंच कोठारांवर रंगवलेली चित्रं अजून लांब आहेत, तोवर एक गोष्ट ऐक. तुझी छोटी ओवी मागे माझ्या विनीताजवळ झोपलीय. आमच्या पोरीला, इरावतीला ताप आहे, तरी आणलंय तिला. का, ते कळेलच.

मागच्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर तिला असाच ताप भरला होता. फोनला रेंज नाही, दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची शेतं आणि धूळ. मध्येच एक वस्ती लागली. पूर्वी या देशात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेली. एक चर्च, एक पत्र्याचा हॉल आणि चर्चमागे छोटी छोटी थडगी. पहिल्याच वर्षी घटसर्पाने सगळी पोरं गेली म्हणे. हॉलच्या दारात एक म्हातारी उभी होती. "पुअर लव्ह," म्हणाली आणि वाडगाभर सूप दिलं. दोन घोटांत ताप उतरला.

वाडगा चुकून आमच्याबरोबर घरी आला. विनीताला तू ओळखतोस. "कोणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही," म्हणत तिने त्यात बेसनाचे लाडू भरले. एवढ्या लांब परत कशाला, म्हणून मी चिडलो, पण आलो. हॉलला गंजलेलं कुलूप होतं, वर कोळ्याची जाळी. वाडगा पायरीवर ठेवला आणि निघालो.

घरी पोचलो तर वाडगा ओट्यावर. लाडू जसेच्या तसे. आणि इरावती तापाने फणफणलेली... डॉक्टर झाले, हॉस्पिटल झालं. शेवटी तीच डोळे मिटून म्हणाली, "मम, दे गेव्ह यू अ किड. यू गेव्ह देम लाडूज."

विनीता खूप रडली. मग तोंड धुतलं आणि तुझ्या चित्रलेखाला फोन केला, ओवीला सायलो बघायला पाठवतेस का म्हणून. तूही येशील असं वाटलं नव्हतं.

हसतोस काय? हा बघ, तोच हॉल. आज दार उघडं आहे. सूपचा वास येतोय ना?

मागे बघू नकोस, यतिन... सांगतोय ना, बघू नकोस. हो, सीट रिकामी आहे. बेल्ट लावलेलाच आहे. गाडीचं दार कोणी उघडलं नाही, शपथ. ओरडू नकोस रे, माझी पोर जागी होतेय. विनीता, कपाळाला हात लाव तिच्या. उतरला? उतरला ना?

मग रडतेस कशाला? काय आहे ओवीच्या जागेवर?

वाडगा?... तो तर आपण घरी ठेवला होता.

विनीता, रिकामा आहे ना तो?... भरलेला? गरम? म्हणजे त्यांनीही रिकामा परत दिला नाही?