कडवीला वळसा

"तुमची रेघ चुकलीय," ती म्हणाली, तेव्हा चिखलात गुडघा टेकून बसलेल्या परक्या माणसाने वर पाहिलं.

समुद्रालगतचं ते रान बारमाही ओलं. पाऊस थांबला तरी झाडं ठिबकतच राहायची. मामाच्या मोजणी कार्यालयासाठी ती तिथल्या रोपांची नोंद करायची. तिला सगळे 'झाडवाली' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. हा नवा मोजणीदार. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याची आखणी करायला आलेला. लाल चिंधीच्या काठीपासून काठीपर्यंत तो सकाळपासून फीत ओढत होता. पण यातल्या नऊ काठ्या तिच्या होत्या! झऱ्याकाठची रोपं कुणी तुडवू नयेत म्हणून तिने रोवलेल्या. चिंध्या दोघांनाही कार्यालयाच्या एकाच कपाटातून मिळालेल्या.

त्याने मागे वळून पाहिलं. नाकासमोर जायची ती रेघ झऱ्याला ऐटीत वळसा घालून आली होती.

"एवढा मान मी कुणाला दिला म्हणे?"

तिने बोट दाखवलं. वीतभर रोप, चार पाकळ्यांची पांढरी फुलं, सुईसारख्या शेंगा. पुस्तकातलं नाव लांबलचक. ती त्याला 'कडवी' म्हणायची. तिने एक पान खुडून दिलं. त्याने चावलं, डोळे गच्च मिटले... पण थुंकला नाही.

"थुंका की. कुणी बक्षीस देणार नाहीये."

"पान दिलं कुणी, तेही बघावं लागतं ना."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. तेवढ्यात त्याने एका शेंगेला हात लावला. शेंग फट्‌कन फुटली, बिया थेट त्याच्या गालावर.

"हात लावण्याआधी विचारायचं असतं," ती म्हणाली.

"आणि विचारलं तर...?"

"विचारून बघा."

पुढचे पंधरा दिवस तो रोज झऱ्यावर यायचा. रेघ सुधारायची म्हणायचा, सुधारायचा मात्र नाही. ती रोज टोमणे मारायची, आणि त्याला उशीर झाला की उगाच पायवाटेकडे बघत राहायची.

मग झऱ्याच्या वळशासकट नकाशा मामाच्या टेबलावर आला. मामाने तिला लहानपणापासून वाढवलं होतं आणि हे तिला एक दिवस विसरू दिलं नव्हतं. बंदरवाल्यांना त्याने सरळ रस्ता कबूल केलेला. म्हणाला, हे तण गटाराकाठीही उगवतं. तुझ्या नोंदवहीतून खोडून टाक, विषय संपला.

"गटाराकाठी उगवतं म्हणून झऱ्याकाठचं मारायचं? मामा, तुमचं अन्न खाल्लंय मी. त्यासाठी खोटी नोंद करणार नाही."

मामा मोजणीदाराकडे वळला. चूक झाली असं लिहून दे, म्हणाला, नोकरी राहील.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बघवेना. हा आता मान खाली घालणार, सगळे घालतात...

"चूक झालीच होती, साहेब," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी परत मोजलं. सरळ गेलं तर खाली दलदल आहे, रस्ता खचेल. तेव्हापासून ती चूक नाही. माझं मत आहे." आणि त्याने नकाशावर सही ठोकली. शेजारी तिने ठोकली.

मोजणीदाराची आणि नोंद करणाऱ्याची, अशा दोन सह्या पडल्या की नकाशा पक्का. बदलायचा तर सगळी मोजणी पहिल्यापासून, आणि बंदरवाले तेवढं थांबणारे नव्हते. मामाला हे दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. चेहरा लाल करून त्याने दोघांनाही दार दाखवलं.

दोघं बाहेर पायऱ्यांवर आले.

"माझ्यामुळे तुमची नोकरी गेली," ती म्हणाली.

"माझी मीच घालवली. तुमच्यावर उपकार नाहीत केले." मग आवाज खाली आला. "पण ते पंधरा दिवस... ते तुमच्यासाठीच होते."

"ठाऊक आहे. मी आंधळी नाही." तिने ओढणी खांद्यावर घट्ट केली आणि पुन्हा दाराकडे वळली.

"आता कुठे?"

"मामाला सांगून येते, की मला तुम्ही आवडता. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर म्हणेल, पळून गेली. मी काही पळत नाहीये."

"मी येऊ...?"

"या," ती दार ढकलत म्हणाली. "पण बोलणार मी."