उत्तरेची खिडकी

"सुन्निवा, कॉफी ठेव गं! दुपारचं खाऊन घेतो आणि जाळं दुरुस्त करायला बसतो," आजोबा म्हणाले.

सुन्निवाने घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते, पण रात्रीचे! उत्तर ध्रुवाजवळचं त्यांचं गाव, त्यात जून महिना, सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता. त्यामुळे मुलंही अजून तंबू गुंडाळत बसली होती. उद्या बेटावर मुक्कामाला जायचं होतं ना!

"आजोबा, आत्ता रात्र आहे!" तिचा धाकटा भाऊ योस्टाइन फिदीफिदी हसला.

आजोबांचा चेहरा पडला. "मला खुळ्यात काढतोस होय रे?"

आजी गेली आणि मे महिन्यात आजोबा आपलं बेट सोडून इथे राहायला आले. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भरदिवसा पेंगायचे, दर आठवड्याला तपासायला येणाऱ्या नर्सबाईंना धड उत्तर देत नसत. आता येत्या गुरुवारी रोआर मामा त्यांना विसरभोळ्यांच्या आश्रमात नेऊन सोडणार होता!

"सहल रद्द," ती म्हणाली. "आपण आजोबांवर पहारा ठेवायचा."

"वा! सुट्टीत हेरगिरी!" शेजारचा आयलो म्हणाला, पण त्यानेही मुकाट्याने तंबू बाजूला ठेवला.

दोन दिवस तिघांनी आळीपाळीने वहीत नोंदी केल्या. रात्री बाराच्या सुमारास आजोबांच्या टेबलावर ऊन यायचं, तेव्हा ते जेवायला मागायचे. सकाळी दहाला खोलीत सावली पडायची, की झोपेची गोळी घेऊन आडवे व्हायचे. आणि नर्सबाई यायच्या नेमक्या दुपारी, ते गुंगीत असताना!

आयलो एकदम उडालाच. "आजोबा, बेटावर तुमची खिडकी कुठल्या बाजूला होती?"

"दक्षिणेला. टेबलावर ऊन आलं की दुपार. पन्नास वर्षं तुझी आजी तेव्हाच ताट वाढायची, सुन्निवा."

"आणि ही खिडकी उत्तरेला!" आयलो कुजबुजला. "इथे ऊन येतं मध्यरात्री! अरे, मी शाळेत प्रकल्प केलाय. दिवसा मन ताजं ठेवणारं एक रसायन मेंदूत असतं. अंधार पडला की त्याच्यापासूनच झोपेचं संप्रेरक बनतं. आजोबांच्या डोळ्यांत ऐन रात्री ऊन, मग ते बनणार कसं? वर गोळी सकाळी!"

सुन्निवाला रडू फुटलं. मामाने मोठ्या हौसेने हीच खोली दिली होती, मध्यरात्रीचा सूर्य दिसावा म्हणून!

संध्याकाळी आई मासळीच्या कारखान्यातून दमून आली.

"आई, मी आजोबांशी खोली बदलू?"

"काय ते करा बाई!" आईने वरही पाहिलं नाही.

सुन्निवाची खोली दक्षिणेला होती. तिघांनी पलंग, टेबल, खुर्ची ओढत नेली. रोज रात्री नऊला आजोबा गोळी घ्यायचे आणि खिडकीवर होडीची जाड ताडपत्री चढायची, सकाळी सातला उतरायची. पहिल्या दोन रात्री आजोबा तळमळले. तिसऱ्या रात्री ते घोरले, आणि भिंतीला कान लावून बसलेल्या योस्टाइनने चक्क उडी मारली!

गुरुवारी आई सुट्टी घेऊन घरी होती. दुपारी मामा नर्सबाईंना घेऊन आला. आजोबा दाढी करून टेबलाशी बसले होते.

"या, बसा. आज गुरुवार, साडेबारा वाजलेत. माशाचं कालवण गरम आहे," ते म्हणाले.

नर्सबाई बघतच राहिल्या. सुन्निवाने वही पुढे केली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. "मी दर आठवड्याला डबीत गोळ्या भरल्या. तुम्ही त्या कधी घेता, हे मात्र विचारलं नाही. शाबास, मुलांनो! हे आमचं काम होतं."

आश्रमात न्यायला गाडीत ठेवलेली आजोबांची बॅग मामा मान खाली घालून परत घेऊन आला. "चुकलो, बाबा," एवढंच बोलला.

"म्हणजे माझं डोकं फिरलं नव्हतं तर!" आजोबा म्हणाले. "मलाही वाटायला लागलं होतं रे, की आता मी संपलो. कुणाला सांगायची लाज वाटायची."

"मला सांगायचं ना, बाबा!" आई कळवळून म्हणाली.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पोरी."

आई त्यांच्या शेजारी बसली आणि कितीतरी वेळ त्यांचा हात धरून राहिली.