तिसरी खुर्ची

पटावर तीन मोहरी होती. माझा राजा, माझा वजीर आणि त्याचा एकटा राजा.

टेबलापाशी माणसं दोन.

खुर्च्या तीन.

हे खरं घडलंय. गेल्या मार्चमध्ये, सेलूच्या एका मंगल कार्यालयात, जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत. तेही भर दुपारी. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलंय. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. अजूनही.

जिंकले तर राज्य स्पर्धेसाठी निवड होणार होती. बरोबरी झाली तर घरी.

समोर बन्सीधर. कापसाच्या जिनिंगमधला मुकादम. खेळ सुमार, तोंडात सुपारी. नुसता राजा उरल्यावर शहाणा माणूस हात मिळवून उठतो. हा चिकटून बसला होता. शेजारी एक रिकामी खुर्ची, त्यानेच ओढून आणलेली.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"आलेत की. आमचे पंडित मास्तर. त्यांनीच शिकवलं मला."

"कुठे आहेत?"

"दिवाळीत गेले." त्याने सुपारी गालात सरकवली. "चाल चुकली की लय रागवायचे. पण राजा एकटा पडला की म्हनायचे, आता मी हाय."

"मग सांगा त्यांना, या चालीत मात आहे."

"बगायलेत ते, ताई."

अडाणीपणाला काही मर्यादा? घड्याळात माझी चार मिनिटं शिल्लक होती. मी वजीर उचलला...

पंख्याचा आवाज थांबला.

पाती फिरत होती. आवाज नव्हता.

शेजारच्या टेबलांवरची कुजबुजही नाही...

मग कुणीतरी घसा खाकरला. रिकाम्या खुर्चीकडून.

उजव्या मनगटावर काहीतरी गार टेकलं. क्षणभरच.

पंखा पुन्हा घरघरू लागला. मी वजीर ठेवायला हात खाली नेला.

"थांब," पंच वैजयंतीबाई म्हणाल्या. "वेळ संपली तुझी."

घड्याळात शून्य होतं.

"त्याच्याकडे नुसता राजा आहे, म्हणून हरली नाहीस. नियमानं बरोबरी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, चार मिनिटं वजीर हवेत धरून बसलीस. पापणीसुद्धा हलली नाही तुझी."

बन्सीधरने हात पुढे केला. मी मिळवला नाही.

तो उठला. आधी ती खुर्ची मागे ओढली, म्हाताऱ्या माणसाला उठायला जागा करावी तशी.

"चला मास्तर, चहा घिऊ."

परभणीपर्यंत बसमध्ये मी कारणं शोधली. थकवा, ऊन, रिकामं पोट. एकही पुरत नाही.

म्हणून मोजते.

आज सकाळी, एकाच तापमापकाने, दोनदा. डावं मनगट ३३.४ अंश. उजवं २४.१.