उतरताना हात

लग्नाचं स्थळ आणि जुनी गाडी, दोन्हींबद्दल माणसं सारख्याच तोंडाने खोटं बोलतात. मी एका लिलावघरासाठी जुन्या गाड्या तपासतो. मालक जे सांगतो ते या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. विश्वास ठेवायचा तो पत्र्यावर आणि आपल्या बोटांवर.

त्या बाईंच्या गॅरेजमध्ये मात्र बोटांना फारसं काम उरलं नाही. बाटलीसारखी हिरवी, दोन माणसांची, कापडी टप मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की तिच्याशी बोलायचं तर वाकावं लागेल. आत मधाच्या रंगाचं चामडं, एकही भेग नाही. टर्बो इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हाचंच. एवढं वय होऊनही दृष्ट लागेल अशी होती.

"धाकट्याची आहे," बाई म्हणाल्या.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, सत्तरी ओलांडून गेलेला. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. वर घर, खाली गॅरेज, असा त्यांचा जन्म गेला होता.

"संध्याकाळी आला की इंजिन लगेच बंद नाही करायचा. टर्बोला म्हणे जरा निवू द्यावं लागतं."

"खरं आहे. तापलेला असताना एकदम बंद केलं तर खराब होतो."

"इंजिनाचा आवाज आला की मी चहा टाकायची. ते थांबेपर्यंत उकळी यायची. पुढे त्याचे गुडघे गेले. एवढ्याशा गाडीतून उठवेना. मग मी खाली येऊन दार उघडायची, हात द्यायची. त्याशिवाय उतरायचाच नाही. मी येईपर्यंत आपला बसून राहायचा."

मी बॉनेट उघडलं. बॅटरी जागेवर नव्हती. भाऊ गेला त्याच आठवड्यात मेकॅनिकने ती काढून फळीवर ठेवली होती आणि तिच्यावर चांगलीच धूळ बसली होती. सवयीने मी टर्बोच्या लोखंडी कवचावर बोट टेकवलं.

ते कोमट होतं. गॅरेजला खिडकी नव्हती, ऊन आत येत नव्हतं. मी बोट फडक्याला पुसलं आणि पुढच्या कामाला लागलो.

"गाडी विकली की थांबेल ना?" बाईंनी विचारलं.

"काय थांबेल?"

"आवाज. अजून येतो. संध्याकाळी इंजिन चालू होतं, मग थांबतं. आणि मग काहीच नाही. दार वाजत नाही, जिना वाजत नाही. मी रोज चहा टाकते आणि रोज ओतून देते."

"खाली येऊन पाहिलंत का कधी?"

"धीर होत नाही." त्यांनी टपाच्या कापडावरून हात फिरवला. "एकतर त्याने वर यावं, नाहीतर हे बंद तरी व्हावं. तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग कळेल तुम्हाला."

गाडीच नसेल तर आवाज कुठून येणार, असं म्हणून मी त्यांची समजूत घातली. एकट्या माणसाचे कान तिखट होतात हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या घरात फ्रिजची घरघर थांबली तरी मी मान वर करून बघतो.

गाडी आमच्या गोदामात आली. बॅटरी वेगळ्या खोक्यात, किल्ली माझ्या खिशात. लिलावाच्या आधी एका सकाळी वॉचमनने मला बाजूला घेतलं.

"साहेब, संध्याकाळी ती हिरवी गाडी कोण चालू करतं? माझं काही म्हणणं नाही. पण दारं बंद असतात, धूर कोंडतो."

"कोणीच करत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

त्या संध्याकाळी मी मागे थांबलो. तसाही मला कामावरून निघायची घाई कधीच नसायची. माणसं गेली. वरच्या काचांतून थोडा उजेड येत होता आणि गाड्या आपापल्या आच्छादनांखाली उभ्या होत्या. हिरवी गाडी तेवढी उघडी होती, फोटोसाठी टप खाली केलेली. मी तिच्या चाकांवर नजर टाकत होतो, तेवढ्यात इंजिन चालू झालं.

पातेल्यावरचं झाकण थरथरावं तसा तो संथ, एकसारखा आवाज होता. गरम तेलाचा वास आला. मी बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा थरथरत होता. दुसरा हात खिशात घालून किल्ली चाचपली. ती तिथेच होती.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्याही आधी, कोणीतरी घरी आल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं. मला तसं वाटून फार दिवस झाले होते.

इंजिन थांबलं. टर्बोची बारीक शीळ विरत गेली.

मग काहीच नाही. बाई म्हणाल्या होत्या तसं.

मी दार उघडलं, उघडून धरलं आणि वेड्यासारखा हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही. पण ड्रायव्हरच्या सीटचं चामडं मधोमध दबलेलं होतं, ते आता हळूहळू वर येऊ लागलं. बसलेला माणूस उठला की जुनं चामडं असंच वर येतं.

घरी आल्यावर मी कुलूप काढलं आणि आत जाण्याआधी क्षणभर दार धरून बाजूला उभा राहिलो. असं का केलं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

लिलाव उत्तम झाला. दोन श्रीमंत माणसं हट्टाला पेटली आणि बोली आमच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. शेवटी हातोडा पडला आणि गाडी लांबच्या गावी, एका हौशी माणसाच्या संग्रहात गेली. जाईपर्यंत तिचा आवाज पुन्हा आला नाही. वॉचमन खूश होता.

काही दिवसांनी संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी घरीच होतो. हल्ली मला कामावरून निघायची घाई असते.

"आवाज थांबला," त्या म्हणाल्या.

"चांगलं झालं."

"चांगलं कसलं! चुकलंच माझं. त्याला दार उघडून हवं होतं हो, दुसरं काही नको होतं. माझा हात हवा होता. बिचारा खाली बसून राहायचा आणि मी वर चहा ओतत होते. मला त्या गृहस्थांचा पत्ता द्या. मी जाते. एकदा दार उघडून देते, म्हणजे तो घरी येईल. फार एकटं वाटतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडी तुमच्याकडे होती तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं का? खरं सांगा."

टेबलावर दोन कप मांडलेले होते. समोरच्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. या वेळेला ती रोज असते.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

"ऐका ना," बाई म्हणाल्या. वय झालेली माणसं फोनवर मोठ्याने बोलतात. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

समोरची गादी हळूहळू वर येऊ लागली.

मी फोन बंद केला.

उठून दाराला आतून कडी घातली. वरची, आणि खालचीही.

मग येऊन बसलो आणि दोन्ही कपांत चहा ओतला. चहा पार निवून गेला, तेव्हा कुठे गादी पुन्हा खाली गेली.