कानामागची कळी

२०६८ साली लहान मुलाला जवळ घ्यायचं तर मोठी माणसं आधी त्याच्या कानामागे बघत. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी स्पर्शकळी चिकटवलेली असे. ती हिरवी उजळली तर खुशाल मिठी मारावी. केशरी झाली तर लांबूनच हसून हात हलवावा.

साताऱ्याच्या सुलभाताई इंगवले यांच्या घरात लहान मूल नव्हतं, त्यामुळे त्यांना याची सवय नव्हती. त्यात सहा वर्षांची नात निहिरा चार वर्षांनी येत होती आणि सकाळपासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. निहिरा दारात दिसताच त्या हात पसरून धावल्या. तिच्या कानामागे केशरी ठिपका उजळला आणि त्या जागीच थबकल्या.

पोर मला घाबरते का गं, असं त्यांनी लेकीला विचारलं. लेक म्हणजे डॉ. पल्लवी, ही कळी तिनेच शोधून काढली होती. घाबरणं वेगळं आणि आत्ता नको वाटणं वेगळं, असं तिने समजावलं. कुणी जवळ आलं की नाडी, मानेचे स्नायू, त्वचेवरचा न दिसणारा घाम क्षणात बदलतो. मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून मूल निमूटपणे पापा देतं. कळी मात्र त्याच्या शरीराचं उत्तर दाखवते.

"तोंड शिकवलेलं बोलतं, आई. कातडी शिकवलेलं नाही बोलत."

सुलभाताईंनी घाई केली नाही. त्या भोपळ्याच्या घाऱ्या थापायला बसल्या. निहिरा आधी दारातून बघत होती, मग पिठात हात घालू लागली, आणि तासाभराने आपणहून आजीच्या मांडीत येऊन बसली. कळी हिरवीगार. एवढ्या पोरांचे पापे घेतले, पण न मागता मिळालेलं हे पहिलंच, असं सुलभाताई हरखून पुन्हा पुन्हा सांगत सुटल्या.

त्या भरात त्यांनी हट्टच धरला, मलाही एक लाव. मोठ्यांना लावत नाहीत, एवढंच पल्लवी म्हणाली. का ते तिने सांगितलं नाही. तोवर निहिराने आईच्या डबीतली एक कळी काढून आजीच्या कानामागे चिकटवलीसुद्धा. नातीने मिठी मारली, हिरवी. लेकीने मारली, हिरवी. तिघी हसून हसून बेजार झाल्या.

हसणं ऐकून यशवंतराव आत आले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. काय चाललंय म्हणत त्यांनी रोजच्यासारखा बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

पल्लवीचं हसू मावळलं. निहिरा उठली आणि शाळेत शिकवलं होतं तसं शांतपणे म्हणाली,

"आबा, हात काढा. आजीला नकोय."

कळी बिघडली असेल, असं सुलभाताई म्हणणार होत्या. पण तेवढ्यात यशवंतरावांनी गोंधळून हात उचलला, आणि आपले आवळलेले खांदे सैल होऊन खाली आल्याचं सुलभाताईंना आयुष्यात पहिल्यांदाच जाणवलं.